थांबा की, पावणं

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गूळवाल्यांच्या धर्मशाळेत सकाळी सगळ्यांत आधी मल्लव्वाचा आवाज जागा होतो. तो आधी बादल्यांवर पडतो, मग गळक्या नळावर आणि मग जिना चढून वरच्या मजल्यावर जातो. पोलीस भरतीला आलेल्या पोरांनी अंगणातल्या दगडी नंदीच्या शिंगांवर मोजे वाळत घातलेले असतात. कुणीतरी बादलीत पाणी तापवायची कॉइल सोडून खुशाल गप्पा मारत बसलेला असतो. देवीच्या दर्शनाला आलेल्या बायका साऱ्या अंगणभर केस विंचरतात आणि गुंतवळ तुळशीत टाकतात. या सगळ्यांचा समाचार घेत मल्लव्वा झाडत असते. इंटरनेटवर कुणीतरी या धर्मशाळेबद्दल लिहून ठेवलं आहे, 'स्वच्छ आहे. पाणी गरम असते. बाई ओरडतात.' तिच्या मुलीनं, सौंदर्यानं, ते वाचून दाखवलं, तेव्हा मल्लव्वा म्हणाली, "स्वच्छ का हाय, ते न्हाय लिवलं त्यानं."

ती संकेश्वरकडची. लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला वाटलं होतं की आपल्याला घर मिळालं, पण मिळाली होती धर्मशाळा. सरहद्दीकडच्या काही गूळ व्यापाऱ्यांनी ती फार पूर्वी बांधली होती, गुऱ्हाळाच्या हंगामात गाड्या घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना पाठ टेकायला जागा असावी म्हणून. पुढं बैलगाड्या गेल्या, ट्रक आले, आणि ट्रकवाले आपल्या केबिनमध्येच झोपू लागले. तरी माणसं यायची थांबली नाहीत. आता दवाखान्यात कुणाला तरी घेऊन आलेले नातेवाईक येतात, परीक्षेची पोरं येतात, शेवटची एसटी चुकलेले येतात. कागदावर व्यवस्थापक म्हणून नाव आहे मल्लव्वाच्या नवऱ्याचं, गुरुसिद्धचं. पण गुरुसिद्ध दिवसभर धान्याच्या पेढीवर दिवाणजी. धर्मशाळा चालवायची त्याच्या आईनं, आणि तिच्या मागं मल्लव्वानं.

सासूनं किल्ल्यांचा जुडगा हातात देताना तिथल्या रीतीही दिल्या होत्या. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, नावगाव नंतर. एकदा ज्याची वळकटी पसरली, त्याला त्या जागेवरून उठवायचं नाही. आणि काहीही झालं तरी पाव्हण्याला 'कधी जाणार' असं विचारायचं नाही. वाटेवरच्या माणसाला त्याइतका लागणारा दुसरा शब्द नाही, असं सासू म्हणे. मग तो गेलाच नाही तर? त्यावरही उपाय होता. सकाळी फडक्यात भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा बांधून त्याच्या हातात ठेवायचा. शिदोरी मिळाली की शहाणा माणूस काय ते समजतो आणि वाटेला लागतो.

पोलिसांचा नियम आल्यापासून आधार कार्डाची झेरॉक्स घ्यावी लागते. मल्लव्वानं त्यालाही जुन्या रीतीत बसवलं, आधी पाणी, मग आधार. बाकी सगळं तसंच चाललं होतं. वर्षानुवर्षं शिदोरी कधी वाया गेली नव्हती. सयाजीराव येईपर्यंत.

ते आले त्याच आठवड्यात सौंदर्याही यायची होती. सौंदर्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायचं काम करते, नवराही तिथंच. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मागं एकदा पोटातलं गेलं होतं, आणि आता पुन्हा दिवस भरत आले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की जिना चढायचा नाही, उकिडवं बसायचं नाही, पडून राहायचं. मल्लव्वाचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, आणि जिना दगडी, एकेक पायरी गुडघ्याएवढी. सबंध धर्मशाळेत खाली राहता येईल, आतच न्हाणीघर आणि बसायचा संडास असेल, अशी खोली एकच. म्हाताऱ्या प्रवाशांसाठी धर्मशाळेच्या ट्रस्टनं अलीकडं करून घेतलेली. मल्लव्वानं ट्रस्टच्या अध्यक्षांना विचारलं, आणि ते म्हणाले, "लेकीचं बाळंतपण हाय, इचारतीस काय?" तिनं स्वतः चुन्याचा हात मारला, खाट खिडकीपासून आत सरकवली, बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली. सोमवारी सौंदर्या येणार होती.

गुरुवारी चुन्याचा वास जावा म्हणून तिनं खोली उघडी टाकली होती. तेवढ्यात दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले. एका हातात बॅग, काखेत वळकटी, गुडघ्याला पट्टा. चंदगडहून आलो म्हणाले. मल्लव्वानं तांब्याभर पाणी दिलं आणि आधार कार्ड घेऊन समोरच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेली. दुकानदाराच्या मशीनमध्ये कागद अडकला होता. ती परत येईतो सयाजीरावांनी दिसली ती उघडी खोली गाठून खाटेवर वळकटी पसरली होती आणि पट्टा सोडून ते गुडघा चोळत बसले होते.

मल्लव्वा उंबऱ्यातच थबकली. तोंडाशी आलेलं सगळं गिळून ती म्हणाली, "वर जागा हाय, वारं बी चांगलं येतंय वर."

"हितं झ्याक हाय वैनी," सयाजीराव म्हणाले. "गुडघ्याचं दुखणं हाय न्हवं. दोन दिवसाचं तर काम हाय."

दोन दिवस म्हणजे शनिवार, असा हिशेब तिनं मनात केला.

सयाजीराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात त्यांनी खिडकीत बसून कुठली गाडी कधी सुटणार ते सांगण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर, बायको वारल्यावर, त्यांना पुस्तक लिहायचा नाद लागला. विषय धर्मशाळांचा. प्रवासी म्हणून माणूस पहिल्यांदा कुठं मुक्कामाला थांबला, त्याला कुणी थांबवून घेतलं, हे त्यांना शोधून काढायचं होतं. कोल्हापुरातली ग्रंथालयं पाहायची म्हणून ते आले होते. सकाळी ग्रंथालयात जायचे, दुपारी परत यायचे, आणि वाचलेलं सगळं मल्लव्वाला सांगायचे, कारण त्या वेळी अंगणात दुसरं कुणी नसायचं.

मल्लव्वा गाद्या उन्हात टाकत असे आणि सयाजीराव पायरीवर बसून सांगत की सम्राट अशोकानं रस्त्याच्या कडेनं वड लावले, विहिरी खणल्या, वाटसरूंना विसावे बांधले आणि ते दगडावर कोरून ठेवलं. मल्लव्वा गादीवर काठीचा तडाखा देई. ते सांगत की आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीत रोमन बनावटीच्या वस्तू सापडल्या, म्हणजे केवढ्या लांबून इथं माणसं येत असली पाहिजेत. ती रात्री झोपत कुठं असतील? दुसरा तडाखा. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत, तिथं व्यापारी तांडे भिक्खूंच्या आसऱ्याला थांबत असतील असा आपला तर्क आहे. घाट उतरायच्या आधी सुरक्षित जागा, पाण्याचं टाकं, वर छत.

"आन तितलं संडास कोण धूत हुतं?" मल्लव्वानं विचारलं.

सयाजीराव विचारात पडले. त्याची कुठं नोंद नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मल्लव्वानं तिसरा तडाखा असा काही दिला की पायरीवर कापूस उडाला.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, बॅग भरून, वळकटी काखेत मारून ते अंगणात आले होते. "बराय वैनी, निघावं म्हणतो. महत्त्वाचं काम कालच उरकलं," ते म्हणाले. मल्लव्वा तेव्हा वरच्या पोरांना मोज्यांवरून झापत होती. झाडू हातात तसाच धरून ती वळली, "आवो थांबा की पावणं, एवढी काय घाई?" असं म्हणाली आणि पुन्हा पोरांकडं वळली. सयाजीराव क्षणभर उभे राहिले, मान डोलावली, आणि बॅग घेऊन परत खोलीत गेले.

शनिवार उजाडला तरी वळकटी खाटेवरच होती. तेव्हा मल्लव्वानं शिदोरी बांधली. दोन भाकरी, चटणी, कांदा, वर लोणच्याची फोड. फडक्याची गाठ घट्ट मारून तिनं ती सयाजीरावांच्या हातात ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. सयाजीरावांचा चेहरा उजळला. त्यांनी शिदोरी ग्रंथालयात नेली, तिथल्या बागेत बसून खाल्ली, आणि संध्याकाळी फडकं धुऊन, वाळवून, घडी घालून परत आणून दिलं. भाकरीची त्यांनी तोंडभरून तारीफ केली.

हे बहुधा भाकरीनं कळणाऱ्यांतलं प्रकरण नाही, असं तिला वाटलं. रविवारी तिनं शेंगापोळ्या केल्या. शेंगदाण्या-गुळाची ही पोळी म्हणजे लांबच्या प्रवासाची वस्तू, आठ-आठ दिवस टिकते. ती हातात पडल्यावर तरी माणसानं ओळखावं. सयाजीरावांनी त्या पायरीवर बसून मोज्यांच्या पोरांनाही वाटल्या. आपल्या पुस्तकात या धर्मशाळेवर वेगळं प्रकरण घालायचं ठरवलं आहे, असंही सांगितलं. आलेल्याला तिसऱ्या दिवसापासून दुपारची भाकरी बांधून द्यायची, इतकी जुनी रीत आजच्या काळात कुठं टिकून असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मल्लव्वानं चुलीवरची भांडी जरा जास्तच जोरात आपटली. गुरुसिद्ध जेवायला बसला होता. सारी भाजी ढवळून होईतो ती बोलत राहिली. उद्या पोरगी येणार, हा माणूस खाटेवर ठाण मांडून बसलाय, वर नेऊन तिला त्या जिन्यावर चढवू का, का अंगणात नंदीशेजारी झोपवू. शिकली-सवरलेली माणसं म्हणायची आणि ताटातलं कळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोण कुठं झोपलं ते ठाऊक, आज आपण कुणाच्या खाटेवर झोपलोय ते ठाऊक नाही.

गुरुसिद्ध घास चावत राहिला. तो हळू बोलणारा माणूस. दिवसभर पेढीवर आकडे लिहून लिहून त्याच्या तोंडचे शब्दही तोलून निघतात.

"रोज निघत्यात की ते," तो म्हणाला.

"कोन?"

"पावणं. रोज बॅग घेऊन निघत्यात. तूच थांबवतीस."

मल्लव्वानं पळी खाली ठेवली. मी कशाला थांबवू, असं ती म्हणाली. गुरुसिद्धनं तिचाच आवाज काढून दाखवला, आवो थांबा की पावणं, एवढी काय घाई. शुक्रवारी म्हणालीस. शनिवारी शिदोरी देताना म्हणालीस. आज सकाळी शेंगापोळी बांधून दिलीस आणि वर म्हणालीस की जेवल्याबिगर हलायचं न्हाय.

तिला आठवेना. मग आठवलं. ते शब्द ती म्हणत नव्हती, ते तिच्या तोंडातून आपसूक बाहेर पडत होते. कोल्हापुरात निघालेल्या माणसाला कुणी गप्प बसून जाऊ देतं का? दूधवाला, वीज बिलवाला, सगळ्यांना ती तेच म्हणते आणि सगळे हसून निघून जातात. कुणी खरोखरच थांबलं, असं कधी घडलं नव्हतं.

"मग म्हणायची रीत असती ती," ती चिडून म्हणाली. "थांबायची रीत न्हाय."

"त्यांच्यात असंल," गुरुसिद्ध म्हणाला आणि ताटात पाणी घातलं.

सोमवारी सकाळी मल्लव्वानं निश्चय केला. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. सयाजीराव आंघोळ करून, गंध लावून, बॅग घेऊन अंगणात आले. वळकटीही काखेत होती. "बराय वैनी," ते म्हणाले, "निघावं म्हणतो आता. कामही झालं सगळं."

मल्लव्वा ओठ घट्ट मिटून झाडत राहिली. सयाजीराव उभेच. तिनं एकच फरशी पुन्हा पुन्हा झाडली. शेवटी तिनं वर पाहिलं, तर त्या उंच माणसाचा चेहरा असा झाला होता की जणू त्याच्या हातून या घरात काहीतरी वावगं घडलं असावं. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात गेली. मल्लव्वाच्या घशात शब्द चढून आले, तिनं ते दाबले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. रागाचं की कशाचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. सयाजीरावांनी जड पाऊल दाराकडं टाकलं.

त्याच वेळी गुरुसिद्ध मंडईतून मेथी घेऊन दारात आला. लेक येणार म्हणून आज पेढीवर उशिरा जायची त्यानं परवानगी काढली होती.

"आवो, निघाला व्हय?" तो म्हणाला. "थांबा की पावणं, च्या तर घेऊन जावा."

सयाजीरावांना हायसं वाटलं, बॅग आणि वळकटी घेऊन ते आत गेले, आणि खाटेची कुरकूर अंगणात ऐकू आली.

मल्लव्वानं नवऱ्याकडं पाहिलं. गुरुसिद्धच्या हातातली मेथी हळूच खाली आली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपलं बोलणं तोलायला वेळ मिळाला नव्हता.

ती काही बोलणार तोच दाराशी रिक्षा थांबली. जावयानं हात दिला आणि सौंदर्या उतरली. तिच्या पायांवर एवढी सूज होती की चपलांचे पट्टे सोडून ठेवले होते. गावभरच्या खड्ड्यांनी ती पांढरी पडली होती. उंबरा ओलांडून ती नंदीच्या चौथऱ्यावर टेकली आणि "अव्वा, मला आडवं व्हायचंय," एवढंच म्हणाली.

क्षणभर मल्लव्वा पुढं झाली नाही, आणि मागंही सरली नाही. सासूची रीत एका बाजूला, लेकीचे पाय दुसऱ्या. मग ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. सयाजीराव खाटेवर बसून चहाची वाट पाहत होते.

"पावणं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भलताच बारीक निघाला, "ही खोली माज्या लेकीला पायजे. पोटुशी हाय ती. जिना चढायचा न्हाय तिनं. मी तुमास्नी उठवाया आलीया."

सयाजीराव इतक्या झटकन उठले की गुडघ्यातून आवाज आला. ते तिच्या खांद्यावरून अंगणात बघत होते. त्यांना चौथऱ्यावर बसलेली सौंदर्या दिसली, तिचे पाय दिसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी लाज आणि मग राग आला.

"आवो वैनी, गुरुवारपास्नं सांगायचं न्हाय व्हय?"

"कसं सांगनार? वळकटी पडल्यावर उठवत न्हाईत हितं."

"आन मी रोज निघत हुतो की! तुमीच म्हनत हुता थांबा. आमच्यात घरधनीण थांबा म्हनल्यावर उठून जानं म्हंजे त्या घराच्या तोंडावर थुकनं. मला काय हौस हाय? भाचीच्या पोराचं बारसं चुकलं माजं रविवारचं."

"ते म्हनायचं असतंय," मल्लव्वा म्हणाली. "समद्यास्नी म्हनतात. थांबतंय का कोन?"

"ऐकायचं बी असतंय," सयाजीराव म्हणाले.

शिदोरीचं मल्लव्वाला तोंडाशी आलं होतं, पण त्यांनी धुऊन घडी घालून आणलेलं ते फडकं तिला आठवलं आणि तिनं ते मनातच ठेवलं. सयाजीरावांनी वळकटी गुंडाळली, खाट झटकली, न्हाणीघरात विसरलेला आपला साबण परत जाऊन आणला. बाहेर येऊन सौंदर्यासमोर ते अवघडून उभे राहिले. पोरी, आत जाऊन पड, एवढंच त्यांना म्हणता आलं.

सौंदर्या आपल्या आईचीच लेक. भिंतीला धरून उठता उठता ती म्हणाली, "थांबा की काका, जेवून तर जावा."

जावई मेथीची जुडी बघू लागला. सयाजीरावांनी बॅग खाली ठेवली नाही; त्यांनी मल्लव्वाकडं पाहिलं. आता हे म्हणायचं आहे की ऐकायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि ते त्यांनी तोंडानं विचारलं नाही.

मल्लव्वाला खूप राग आला. लेकीचा, नवऱ्याचा, या लांबलचक माणसाचा, आणि ज्या कुणी दोन हजार वर्षांपूर्वी पहिल्या वाटसरूला दारात पाणी दिलं त्याचाही. पण खोली आता मोकळी होती.

"जेवून जावा," ती म्हणाली. "खरं म्हनतीया. आन मग दुपारची चंदगड गाडी धरा."

"अडीचला हाय," सयाजीराव म्हणाले. गाडीची वेळ त्यांना तोंडपाठ होती, आणि ती सांगताना त्यांची पाठ जरा ताठ झाली.

जेवायला तिनं मेथी, भरली वांगी आणि गरम भाकरी केली. सौंदर्या आत खाटेवर पडल्या पडल्याच दोन घास खाऊन झोपली. सयाजीराव पुरे म्हणत होते आणि मल्लव्वा वाढत होती. हात आडवा केला तर हातावर वाढीन, असं तिनं बजावलं. गुरुसिद्धनं एकदा घसा खाकरला. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं निमूट आपल्या ताटात लक्ष घातलं.

जेवण झाल्यावर सयाजीरावांनी आपलं ताट स्वतः विसळलं, गुडघ्याला पट्टा बांधला, आणि दारापाशी येऊन थांबले.

"येतो, वैनी."

मल्लव्वा उंबऱ्यात उभी होती. मागं खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

"या," ती म्हणाली.

आणि मग तिनं पदराचा बोळा करून तोंडावर दाबला. सयाजीराव गल्लीतून एक पाय ओढत चालले होते. वळणावर त्यांनी मागं पाहिलं, हात केला. तिनं दुसऱ्या हातानं हात केला, पण पदर काढला नाही. ते वळणापलीकडं गेले, पिंपळाआडून त्यांचं डोकं दिसलं आणि दिसेनासं झालं, तरी ती तशीच उभी राहिली. स्वतःच्या जिभेवर तिचा काडीचा भरवसा उरला नव्हता.